डीओची टीचिंग फेलोशिप घ्यावी का? शिष्यवृत्त्यांबद्दलही माहिती हवी आहे

स्नेहल_ओहायो (१४ नोव्हेंबर २०२५)

नमस्कार मंडळी. आमची लेक इथे अमेरिकेत एका डीओ (ऑस्टिओपॅथिक मेडिसिनच्या) कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. खासगी कॉलेज, नुसती फीच साठ हजार डॉलरच्या घरात, राहणं-खाणं वेगळं. आतापर्यंत सगळं सरकारी कर्जावर चाललंय. दीड लाखाच्या आसपास झालं असेल, आम्ही आकड्याकडे बघायचं टाळतो.

गेल्या आठवड्यात तिच्या ओएमएम विभागाने, म्हणजे हाताने तपासणं आणि हाताने उपचार करणं जिथे शिकवतात त्या विभागाने, टीचिंग फेलोशिपसाठी अर्ज मागवलेत. तिसरं आणि चौथं वर्ष दोनाऐवजी तीन वर्षांत करायचं, मधल्या वेळात पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना लॅबमध्ये शिकवायचं. बदल्यात एका वर्षाची फी माफ, वाढलेल्या पाचव्या वर्षाला फी नाही, वर २४,००० डॉलर स्टायपेंड. पोरगी हरखून गेली आहे. तिचे बाबा म्हणतात, "अजून एक वर्ष?" मी मध्ये.

शिवाय माझा भाचा पुढच्या वर्षी डीओला जायचं म्हणतोय. त्याच्यासाठी सुरुवातीपासून कुठल्या शिष्यवृत्त्या बघायला हव्यात? इथे कुणी या वाटेने गेलं असेल तर सविस्तर लिहा.

ताकभात (१४ नोव्हेंबर)

आधी एक बाळबोध प्रश्न. डीओ म्हणजे पूर्ण डॉक्टरच ना? की फिजिओसारखं काही?

डॉ_मुक्ता (१४ नोव्हेंबर)

अमेरिकेत पूर्ण डॉक्टर. औषधं लिहितात, शस्त्रक्रिया करतात, पन्नासही राज्यांत परवाना मिळतो. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिझुरीतल्या कर्क्सव्हिलला पहिलं कॉलेज काढलं, तिथून ही शाखा सुरू झाली. २०२० पासून रेसिडेन्सीसुद्धा, म्हणजे पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, एमडी (इथली नेहमीची डॉक्टरकीची पदवी) आणि डीओंची एकाच छत्राखाली आहे. युरोपातले ऑस्टिओपॅथ मात्र वैद्यकीय डॉक्टर नसतात, ते वेगळं प्रकरण. कॉलेजात ओएमएमचे साधारण २०० तास जास्तीचे असतात आणि एमडींच्या यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या जागी कॉमलेक्स नावाची परीक्षा असते. बरीच मुलं दोन्ही देतात, कारण काही रेसिडेन्सीवाल्यांना अजून यूएसएमएलईच कळते.

स्नेहलताई, मी स्वतः अशी फेलो होते. आज क्लिनिक आहे, उद्या रात्री लिहिते.

पै_पैचा_हिशोब (१५ नोव्हेंबर)

मी डॉक्टर नाही, आकडे मांडून दाखवतो, बाकी तुम्ही बघा.

जमेची बाजू: एका वर्षाची फी वाचली, ६०,०००. स्टायपेंड २४,०००, पण जास्तीच्या वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च त्यातच जाणार, म्हणजे तो आला आणि गेला. खर्चाची बाजू: आधीच्या दीड लाखावर ८ टक्क्यांच्या आसपास व्याज धरा, एका वर्षाचे १२,०००. हातात उरले ४८,०००. न काढलेल्या साठ हजारांवरचं पुढचं व्याज वाचतं, तेही धरा.

आता दुसरं पारडं. तिचं अख्खं करिअर एक वर्ष पुढे सरकलं. फॅमिली डॉक्टर झाली आणि अडीच लाख पगार धरला, तरी कर जाऊन पावणेदोन लाख. ऑर्थो किंवा अ‍ॅनेस्थेशियाला गेली तर फरक आणखी मोठा. निव्वळ पैशासाठी ही फेलोशिप घ्यायची नाही, एवढं या हिशोबातून स्पष्ट आहे.

एक मुद्दा सहसा कुणी लक्षात घेत नाही. लेक पुढे ना-नफा तत्त्वावरच्या हॉस्पिटलात नोकरी करून पीएसएलएफ घेणार असेल, म्हणजे १२० हप्ते भरून उरलेलं सरकारी कर्ज माफ करून घेणार असेल, तर फीमाफीची किंमत अजून घटते. रेसिडेन्सीतले हप्तेही त्या १२०मध्ये धरले जातात आणि हप्ता उत्पन्नावर ठरतो, कर्जाच्या आकड्यावर नाही. दोन लाख असो की पावणेतीन, दहा वर्षांनी माफच होणार. मग जे माफ होणार होतं तेच तुम्ही एक वर्ष घालून वाचवताय.

भातुकली (१५ नोव्हेंबर)

बापरे. एवढा विचार करून आमच्या घरात सोफासुद्धा घेतला जात नाही.

डॉ_मुक्ता (१६ नोव्हेंबर)

पै_पैचा_हिशोब, आकडेमोड बिनचूक आहे. आता दुसरी बाजू.

फेलोचा दिवस कसा असतो ते सांगते. दुपारी लॅब. हॉलभर टेबलं मांडलेली, प्रत्येक टेबलावर दोन मुलं, एक डॉक्टर आणि एक पेशंट, मग अदलाबदल. पुढे प्राध्यापक एकदा करून दाखवतात. त्यानंतर खरं शिक्षण टेबलावर होतं आणि तिथे फेलो असतो. माझ्याकडे चार-पाच टेबलं असायची. लॅबच्या आधी आम्ही सगळे फेलो जमून तेच तंत्र एकमेकांवर करायचो. एकाने एक सांगायचं, दुसऱ्याने दुसरं, असं झालं की पहिल्या वर्षाची मुलं रडकुंडीला येतात.

पहिल्या आठवड्यात मुलांना कमरेमागच्या खळग्याखालचं हाड, पीएसआयएस, अंगठ्याने शोधायचं असतं. सगळे दाबतात. अंगठ्याचं नख पांढरं पडलं की समजायचं, दाब जास्त झालाय, आता बोटाला काही कळणार नाही. मी माझा हात त्यांच्या हातावर ठेवायचे आणि म्हणायचे, एवढाच. बाजारात हापूस चाचपताना भाजीवाल्याच्या नजरेसमोर जेवढा लावतो तेवढा. (अमेरिकन मुलांना मी अ‍ॅव्होकाडो सांगायचे.) मग मणक्यांची पाळी. पाठीचा मणका कुठल्या बाजूला वळलाय, कुठे झुकलाय, वाकवल्यावर सुधारतो की ताणल्यावर, हे सगळं बोटांनी ओळखून लिहायचं. मणका कसा झुकतो-वळतो याचे फ्रायेटचे नियम पाठ असतात सगळ्यांना. मणका बोटाखाली असताना ते आठवत नाहीत. पाचव्या वक्षीय मणक्याबद्दल तीन मुलांनी तीन निदानं दिली की ज्याच्या पाठीवर हे चाललंय तो बिचारा टेबलावरून विचारतो, "मला झालंय तरी काय?"

हे वर्षभर करताना माझं स्वतःचं शरीररचनाशास्त्र पक्कं झालं. पहिल्या वर्षी रट्टा मारलेलं सगळं शिकवताना नव्याने समजलं. मुलाखतीत रेसिडेन्सीवाले हमखास याबद्दल विचारायचे. आणि मुख्य म्हणजे मला कळलं की शिकवणं मला आवडतं. आज मी आठवड्यातून एक दिवस कॉलेजात शिकवते. नवी डीओ कॉलेजं निघतच आहेत आणि ओएमएम शिकवणारे कमी पडतात, त्यामुळे ही जागा मला मागावी लागली नाही.

काही कॉलेजांत अशीच अ‍ॅनाटॉमीची फेलोशिप असते. त्यात प्रोसेक्शन करायचं, म्हणजे वर्गाला दाखवण्यासाठी देहाचं विच्छेदन आधीच नीट करून ठेवायचं. खांद्यापासून हातात जाणारं नसांचं जाळं चरबीतून एकेक करून मोकळं करायला अख्खी सकाळ जाते. सर्जरीला जायचं असेल तर ती बघा.

थोडक्यात मुलीला शिकवायला आवडतं का, हे विचारा. आत्ता ती ज्युनिअर्सना शिकवते का, आपणहून? नसेल तर पै_पैचा_हिशोब म्हणतात तेच बरोबर.

निमसर्जन (१६ नोव्हेंबर)

मी एमडी आहे, वाद घालायला आलो नाही, पण एक विचारतोच. ज्या गोष्टीचा पुरावा डळमळीत आहे ती शिकवण्यात एक वर्ष घालवायचं? क्रेनियल ऑस्टिओपॅथीमध्ये, म्हणजे कवटीवर हाताने करायच्या उपचारात, दोन परीक्षकांनी एकाच कवटीची "लय" मोजली तर आकडे जुळत नाहीत, हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

डॉ_मुक्ता (१७ नोव्हेंबर)

क्रेनियलबद्दल तुमच्याशी सहमत, मी ते पेशंटवर वापरत नाही. पण ओएमएम म्हणजे फक्त क्रेनियल नव्हे. कंबरदुखीवर १९९९ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी आली होती. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला आणि ओएमटीवाल्यांना, म्हणजे हाताने उपचार झालेल्यांना, औषधं कमी लागली. उलट न्यूमोनियाच्या वृद्ध रुग्णांवरची मोठी चाचणी २०१० मध्ये आली, ४०६ रुग्ण होते, आणि सगळ्यांना धरून हिशोब केला तर हॉस्पिटलातले दिवस कमी झाल्याचं ठामपणे दिसलं नाही. दोन्ही मुलांना सांगते. चांगल्या विभागात फेलोंना जर्नल क्लबमध्ये हेच वाचायला लावतात. मुलीच्या विभागात असं वातावरण आहे का, प्रश्न विचारलेला चालतो का, हे मात्र आधी बघून घ्या.

डेट्रॉइटकर (१७ नोव्हेंबर)

भाच्याबद्दल. माझा थोरला नौदलाच्या एचपीएसपीवर, म्हणजे लष्कराच्या वैद्यकीय शिष्यवृत्तीवर, डीओ झाला. पूर्ण फी, पुस्तकं, महिन्याला अडीच हजार डॉलरच्या वर स्टायपेंड, सुरुवातीला २०,००० बोनस. अमेरिकन नागरिकत्व लागतं, जन्माने असो की नंतर घेतलेलं. जितकी वर्षं पैसे, तितकी वर्षं सेवा, आणि रेसिडेन्सीची वर्षं त्या फेडीत धरत नाहीत. चार वर्षांची शिष्यवृत्ती म्हणजे रेसिडेन्सी संपल्यावर चार वर्षं ते सांगतील तिथे.

लोक फक्त पैशाकडे बघतात म्हणून सांगतो. लष्कराचा मॅच, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप, डिसेंबरमध्ये होतो, बाकीच्यांचा मार्चमध्ये. कुठल्या शाखेच्या किती जागा हे त्यांची गरज ठरवते. मनासारखी शाखा पहिल्या फटक्यात मिळाली नाही तर मध्ये जनरल मेडिकल ऑफिसर म्हणून जहाजावर किंवा तळावर पाठवतात. माझ्या मुलाला ते आवडलं. त्याच्या मित्राला अजिबात नाही.

आणि स्नेहल, एचपीएसपीवाल्याला मध्येच फेलोशिपचं जास्तीचं वर्ष घ्यायचं तर लष्कराची परवानगी लागते.

केतकी_पी (१७ नोव्हेंबर)

नागरिक असाल तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर पण बघा. फी, खर्च आणि स्टायपेंड. अट अशी की फॅमिली मेडिसिन, जनरल इंटर्नल, बालरोग, स्त्रीरोग-प्रसूती, मानसोपचार अशा प्राथमिक सेवेच्या शाखांतच जायचं आणि डॉक्टरांचा तुटवडा जाहीर झालेल्या भागात काम करायचं. वर्षाला वर्ष, कमीत कमी दोन.

तिसऱ्या वर्षी डर्मॅटोलॉजीच्या प्रेमात पडून करार मोडला तर दिलेल्या पैशांच्या तिप्पट रक्कम, व्याजासकट, वसूल करतात. तिप्पट! कायद्यातच लिहिलंय. वयाच्या बाविसाव्या वर्षी सही करताना हे कुणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. शाखेबद्दल खात्री नसेल त्यांनी थांबावं. त्याच संस्थेची शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी स्टुडंट्स टू सर्व्हिस ही कर्जफेडीची योजना आहे. तोपर्यंत मुलांना आपल्याला काय करायचंय ते बरंचसं कळलेलं असतं. मला स्वतःला ती जास्त शहाणपणाची वाटते.

सातारी_कंदी (१८ नोव्हेंबर)

छोट्या शिष्यवृत्त्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. अमेरिकन ऑस्टिओपॅथिक फाउंडेशनच्या असतात, त्यात वेल्च स्कॉलर्स ग्रँटसाठी कॉलेजमार्फत नाव जातं. डॉ. विल्यम अँडरसन यांच्या नावाची अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी आहे. हे गृहस्थ अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशनचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष. जॉर्जियातली वंशभेदाविरुद्धची ऑल्बनी चळवळ उभारण्यात पुढे होते आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना त्यांनीच तिथे बोलावलं होतं. त्याशिवाय विद्यार्थी संघटना सोमाच्या फाउंडेशनच्या आणि फॅमिली फिजिशियनांच्या संघटनेच्या असतात. बऱ्याच राज्यांच्या ऑस्टिओपॅथिक संघटना आपल्या राज्यातल्या मुलांना देतात. तिथे अर्ज करणारेही कमी असतात, म्हणून मी आधी राज्याचंच बघायला सांगते.

रकमा बहुतेक हजार-दोन हजार, कधी पाच हजार. माझ्या पुतणीने एकच निबंध चांगला लिहून ठेवला होता, तोच थोडाफार बदलून सगळीकडे. परीक्षेच्या तोंडावर नवीन निबंध लिहीत बसायचं नाही असा तिचा नियम.

विहीरकाठ (१८ नोव्हेंबर)

स्थलांतरितांच्या मुलांसाठी पॉल अँड डेझी सोरोस फेलोशिप आहे, इथल्या कितीतरी घरांना लागू पडेल. दोन वर्षांत मिळून ९०,००० डॉलरपर्यंत. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व घेतलेली मुलं चालतात. अमेरिकेत जन्मलेली असतील तर दोन्ही पालक बाहेर जन्मलेले आणि जन्माने अमेरिकन नागरिक नसलेले हवेत. वयाची आणि वर्षाची अट आहे, पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षापर्यंतच अर्ज करता येतो. देशभरातून ३० जण निवडतात, तेव्हा चुरस भयंकर. पण भाच्याने प्रवेशाच्या वर्षीच अर्ज टाकावा. निबंधात "आईबाबांनी खूप कष्ट केले" एवढ्यावर थांबू नये, ते प्रत्येकाच्याच असतात.

मी_एच४ (१९ नोव्हेंबर)

आमच्यासारख्यांचं काय? मुलगा सहाव्या वर्षी इथे आला. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही अजून उभेच आहोत आणि तो २१ चा होऊन आता एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आहे. सरकारी कर्ज नाही, एचपीएसपी नाही, हेल्थ सर्व्हिस कोअरही नाही. एका कॉलेजने फोनवर सांगितलं घेतो, आणि अर्जाचे पैसे भरल्यावर म्हणाले ग्रीन कार्ड हवं.

डॉ_मुक्ता (१९ नोव्हेंबर)

फार वाईट वाटलं वाचून. परदेशी विद्यार्थी घेणारी डीओ कॉलेजं थोडी आहेत, पण आहेत. प्रत्येकाकडून ईमेलवरच उत्तर घ्या, फोनवर नको. काही जण फीची रक्कम आधी दाखवायला किंवा वेगळ्या खात्यात ठेवायला सांगतात. खासगी कर्जाला बहुतेक ठिकाणी नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला सहकर्जदार लागतो.

टीचिंग फेलोशिप मात्र कॉलेजची स्वतःची असते, सरकारची नाही. एफ-१ वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवर काम करता येतं, तेव्हा स्टायपेंड पगार म्हणून देत असतील तरी मार्ग निघू शकतो. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर वर्क परमिट नसेल तर पगार घेता येत नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी आधी बोला. सरकारी कर्ज नाही अशा मुलासाठी फीमाफीची किंमत वेगळीच आहे, वरचा पावणेदोन लाखांचा हिशोब तुम्हाला तसाच्या तसा लागू होत नाही.

पै_पैचा_हिशोब (१९ नोव्हेंबर)

अनुमोदन. पीएसएलएफचा माझा मुद्दाही तिथे गैरलागू.

स्नेहल, भाच्याच्या बाबतीत कर्जाचे नियम बदललेत ते बघितलं का? जुलै २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद. वैद्यकीय विद्यार्थ्याला सरकारकडून वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० एवढंच. खासगी डीओ कॉलेजची फी आणि राहणं धरलं तर खड्डा राहतोच, तो खासगी कर्जाने नाहीतर आईवडिलांनी भरायचा. म्हणून यादीत सरकारी कॉलेजं वर घ्या. मिशिगन स्टेट, ओक्लाहोमा स्टेट, वेस्ट व्हर्जिनिया, आणि टेक्सासचे रहिवासी असाल तर फोर्ट वर्थचं टीकॉम. तिथे राज्यातल्या मुलांची फी सहसा खासगीपेक्षा कमी असते. टेक्सासच्या सरकारी कॉलेजांचा अर्ज वेगळ्या पोर्टलवर असतो, नेहमीच्या अ‍ॅकोमासवर नाही.

लेकीलाही एक खाचखळगा आहे. जुन्या कर्जदारांना ग्रॅड प्लस चालू राहील, पण तीन वर्षं किंवा अभ्यासक्रमाचा उरलेला काळ, यातलं जे कमी असेल तेवढंच. अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे आणि फेलोशिपने तो पाच होतो. पाचव्या वर्षी कर्ज लागलं तर मिळेल का, फायनान्शियल एड ऑफिसला लेखी विचारा. आणि शिकवण्याच्या वर्षात तिची नोंदणी किमान अर्धवेळ विद्यार्थी म्हणून राहणार का तेही. ती तुटली तर सहा महिन्यांची सवलत तिथेच संपून हप्ते सुरू होतील, रेसिडेन्सीच्या आधीच.

स्नेहल_ओहायो (२४ नोव्हेंबर)

सगळ्यांचे आभार, वेगळ्या निरोपांतही खूप जणांनी लिहिलं. लेकीला धागा मोठ्याने वाचून दाखवला, तिला देवनागरी वाचायचा कंटाळा.

ऑफिसचं उत्तर आलं. पाचही वर्षं नोंदणी पूर्णवेळ राहील, त्यामुळे हप्ते सुरू होणार नाहीत. पाचव्या वर्षीच्या ग्रॅड प्लसबद्दल त्यांचं म्हणणं "धरून चालू नका". म्हणून आम्ही त्या वर्षाचं भाडं आताच बाजूला काढायचं ठरवलंय. शिकवायला आवडतं का विचारलं, तर म्हणाली गेल्या महिन्यापासून दर गुरुवारी पहिल्या वर्षाची सहा मुलं तिच्याकडे येतात. आम्हाला पत्ताच नव्हता. बाबा गप्प बसलेत, पण ते काही मान्य केल्याचं लक्षण नाही.

ती अर्ज भरतेय. मुदत जानेवारीत, त्यानंतर मुलाखत आणि लॅबमध्ये प्रात्यक्षिक. स्टायपेंडवर कर लागेल का?

पै_पैचा_हिशोब (२४ नोव्हेंबर)

स्टायपेंडवर लागेल, शिकवण्याचा मोबदला आहे तो. फीमाफीवर शिकवणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहसा लागत नाही. डब्ल्यू-२, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखला, देणार की नाही ते विचारून ठेवा. नसेल तर कर आपोआप कापला जाणार नाही, स्वतः भरावा लागेल.

डॉ_मुक्ता (२४ नोव्हेंबर)

प्रात्यक्षिकात बहुतेक वेळा एखादं साधं तंत्र पहिल्या वर्षाच्या मुलाला समजावून द्यायला सांगतात. तंत्र किती अवघड येतं हे बघत नाहीत, समोरच्याला समजलं का ते बघतात. तिच्या गुरुवारच्या सहा जणांवर सराव करू दे. टेबलाची उंची स्वतःच्या मापाने लावून घ्यायची, दुसऱ्याने ठेवलेल्या उंचीवर कधीच सुरू करायचं नाही. आणि आदल्या दिवशी नखं कापायला सांगा, परीक्षकांच्या पाठीवर करावं लागतं.